पहारेकरी क्रमांक दोन

रविवारी नऊला मी बारवरचा टीव्ही लावला
आणि डार्टचे बाण ड्रॉवरमध्ये कुलपात टाकले.
शेवटचा भाग. कोणाचा काय भरवसा.

अर्धं पोर्थवेन आत, उरलेलं दारात.
एक्केचाळीस वर्षांपूर्वी बंदरावरच्या गोदामातून
पत्र्याच्या कारखान्याचा आख्खा पगार गेला होता,
त्याची आता मालिका झाली.
'सत्य घटनेवर आधारित.'
त्याखाली बारीक अक्षरांत: काही पात्रं व प्रसंग बदलले आहेत.
म्युरिगनं चष्मा पुसला. "काही म्हणजे किती?"

पहिला आक्षेप गाडीवर. लाल दाखवली होती.
डिल्विन म्हणतो बदामी, त्याचा मेव्हणा म्हणतो करडी,
ह्याच्यावरून दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेलेले नाहीत.
लाल मात्र नव्हती, ह्यावर काल एकमत झालं
आणि मेव्हण्यानं चक्क डिल्विनची बिअर दिली.

मग समुद्र. समुद्र डावीकडे!
आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की तो उजवीकडे असतो,
निदान माझ्या जन्मापासून तरी.

टेकल प्रॉसरचं काम करणारा नट इतका देखणा
की माझी पोरगी म्हणाली, "आई, असा होता?"
माझ्या मागच्या बाकावर बसायचा तो.
दात किडलेले, आणि खोडरबर चोरायचा.
मालिकेत त्याला आजारी आई दिलीय, आणि बासरी.

पण पैशाच्या पिशव्या घेऊन त्याची नाव सुटली,
मागून पोलिसांची लाँच, इंजिन बंद पडतंय, चालू होतंय, बंद,
तेव्हा सगळा पब उभा राहिला.
पळ! अरे पळ की!
ज्यांच्या बापांचा त्या आठवड्याचा पगार बुडाला होता
ते सगळ्यात जोरात.

मीही. खोटं कशाला बोलू.

रेडिएटरजवळच्या खुर्चीत एर्लिस बसली होती, लेमोनेड घेऊन.
एम्लिनची बायको. म्हणजे, आता नुसतीच एर्लिस.
त्या रात्री पहाऱ्यावर एम्लिन होता.
मालिकेत तो अकरा सेकंद आहे:
टॉर्च, "कोण आहे?", डोक्यात पहार, अंधार.
नामावलीत नाव नाही. 'पहारेकरी क्रमांक दोन.'
एक कोणता, ते कोणालाच ठाऊक नाही.
पहारेकरी एकच होता.

दार आतून कोणी उघडलं, हे मालिकेनं सांगितलं नाही.
फक्त त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जरा जास्त थांबवला.
आणि मागच्या टेबलावर कोणीतरी कुजबुजलं, "तेव्हाही म्हणतच होते."
म्हणत होते खरे.
सहा आठवडे पोलीस त्याच्या घरी,
आणि गावानं या कानाचं त्या कानाला केलं.
त्याला तर एकच कान उरला होता.
निम्मंच पोचलं असेल त्याच्यापर्यंत,
अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घालायचे.

"टॉर्च नव्हता," एर्लिस म्हणाली. मोठ्यानं नाही.
"सेल संपले होते. कंपनीला दोनदा लिहिलं होतं त्यानं.
हातात उकडलेलं अंडं होतं, अर्धं सोललेलं.
शुद्धीवर आल्यावर मला आधी त्याचंच विचारलं."

कोणी काही बोललं नाही. फ्रिज तेवढा घरघरत होता.
मग तीच म्हणाली, "मीपण ओरडले गं आत्ता. पळ म्हणून.
ते संगीतच तसं होतं."

लोक पांगले. बेकरीवाल्या ब्रॉन्वेनला तिच्या दुकानाची छत्री
दोन सेकंद दिसली होती, ती तेवढी खुशीत गेली.
एर्लिस थांबली. "ते अकरा सेकंद परत लाव."
मी मागे नेलं. टॉर्च लागण्याआधीच थांबवलं.

ती टीव्हीपाशी गेली आणि उजव्या बाजूला उभी राहिली.
रस्त्यानं चालताना ती कायम त्याच्या उजव्या हाताला असायची,
चांगल्या कानाकडे.
नटाचे दोन्ही कान धड होते, पण सवय.

काहीतरी सांगितलं तिनं त्याला, बराच वेळ.
मी ग्लास विसळत होते.
नळ बंद करावा असं मनात आलं,
पण केला नाही.